मॉन्टेरेत पहिली थंड डुबकी: ब्रेकवॉटर, पॉइंट लोबोस की मोनॅस्टरी?

"स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट अंदमानात झालं, तीसेक डायव्ह झालेत, आता कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आलोय. मॉन्टेरेला कुठे उतरू?" दर उन्हाळ्यात हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. किनाऱ्यावरून उतरायचं म्हटलं की तीन नावं पुढे येतात: मॉन्टेरे गावातला ब्रेकवॉटर, कार्मेलच्या दक्षिणेचं पॉइंट लोबोस आणि त्याच्या अलीकडची मोनॅस्टरी बीच. तिन्ही जागा एकमेकींपासून गाडीने वीसेक मिनिटांच्या टप्प्यात आहेत. पाणी तेच, गारठा तोच. फरक आहे तो किनाऱ्याचा. म्हणून कुठे काय दिसतं हे मी नंतर बघते. दमलेलं, गारठलेलं माणूस पाठीवर टँक घेऊन तिथून बाहेर कसं येईल, हे आधी बघते.

तिन्हीकडे सारखंच असलेलं आधी सांगते, कारण गरम पाण्यात शिकलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथे होते. इथलं पाणी वर्षभर साधारण ९ ते १४ अंश सेल्सिअस असतं. गंमत म्हणजे वसंतात, बाहेर ऊन पडलेलं असताना, ते सगळ्यांत गार असतं. वायव्येचे वारे वरचं पाणी बाहेर ढकलतात आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्याच पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि समोरचं सगळं हिरवं धूसर होतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्यातल्या त्यात स्वच्छ पाण्याचा काळ. त्यानंतर हिवाळी वादळांच्या लाटा सुरू होतात.

माझी इथली पहिली डायव्ह ब्रेकवॉटरलाच झाली. भाड्याचा ७ मिलिमीटरचा वेटसूट, डोक्यावर हूड, हातात जाड ग्लोव्हज. तारकर्लीत मला खाली जायला कमरेला ४ किलो वजन पुरायचं, इथे ११ किलो बांधलं. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास आपोआप भराभर सुरू झाला; मनात आणूनही थांबेना. खाली जाताना बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या फुगणाऱ्या जॅकेटात) हवा भरायला बटण शोधलं, तर ग्लोव्हजमधल्या बोटांना ते लागेना. नळी हातात होती, बटण बोटाखाली होतं, पण बोटांना काही कळतच नव्हतं. तोवर मी वाळूवर जाऊन बसले होते. पाणी ६ मीटर होतं म्हणून निभावलं. ती जागा खोल दरीची असती तर मी खाली जातच राहिले असते.

असं होण्याला कारण आहे. जाड सूट पृष्ठभागावर भरपूर तरंगतो म्हणून जास्त वजन बांधावं लागतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, सुटातले बुडबुडे दबतात, तरंगण्याची ताकद घटते, वजन मात्र तेवढंच राहतं. सूट पातळ झाल्याने ऊबही कमी होते. गारठलेलं माणूस हवा जास्त ओढतं, त्यामुळे अंदमानात ५० मिनिटं पुरणारी टँक इथे ३०-३५ मिनिटांत संपते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: माणूस सापडतं तेव्हा वजनं अंगावरच असतात. म्हणून वजन सोडायचं बकल ग्लोव्हज घालून, डोळे मिटून उघडता येतं का, हे घरी दहा वेळा करून बघा.

चाळिशी ओलांडलेल्या आपल्या मंडळींना आणखी एक सांगते. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छातीकडे येतं, हृदयावर ताण पडतो. रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसांत पाण्यातच द्रव साचू शकतो; त्याला इमर्शन पल्मनरी एडिमा म्हणतात. खोकला, न थांबणारा दम, गुलाबीसर फेस ही त्याची लक्षणं. असं वाटलं तर डायव्ह तिथेच संपवून, नेहमीच्या सुरक्षित वेगाने वर येऊन पाण्याबाहेर पडायचं आणि ऑक्सिजन घ्यायचा. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे उतरू नका, हे मी हट्टाने सांगते.

आता जागा. ब्रेकवॉटर म्हणजे सॅन कार्लोस बीच. दगडी बांधामुळे बऱ्याचशा लाटा अडतात, वाळूचा उतार मंद आहे, शॉवर आणि टॉयलेट आहे, आणि शनिवार-रविवारी शिकणाऱ्यांचे वर्ग असतात, म्हणजे आसपास मदतीला माणसं असतात. बांधावर सी लायन दिवसभर ओरडत असतात. पाण्यात ते अंगावरून सुसाट जातात तेव्हा पहिल्यांदा छातीत धस्स होतं. दृश्यता बऱ्याचदा ३ ते ६ मीटर, त्यामुळे बडी, म्हणजे सोबतचा जोडीदार, हरवणं हा इथला मुख्य धोका. दुसरा धोका अंतराचा. मोठ्या पांढऱ्या समुद्रफुलांचं मेट्रिडियम फील्ड सुमारे १५ मीटर खोल आणि किनाऱ्यापासून बरंच लांब आहे. नवखे जाताना हवा मोजत नाहीत आणि येताना पृष्ठभागावर पोहत दमतात. तरी बाहेर पडायला वाळूवर सरळ चालत यायचं असतं. पहिल्या पाच-सहा डायव्हसाठी मी दुसरी जागा सुचवणारच नाही.

पॉइंट लोबोस सौंदर्यात कितीतरी पुढे. १९६० साली इथलं पाणीही राखीव झालं. अमेरिकेतलं हे पहिलं पाण्याखालचं अभयारण्य. मासेमारी नाही म्हणून मासे मोठे आणि निर्धास्त. आधी आरक्षण लागतं, सर्टिफिकेट दाखवावं लागतं, जोडीदाराशिवाय उतरता येत नाही, आणि मोजक्याच जोड्यांना प्रवेश मिळतो. या अटींचा मला आधार वाटतो. व्हेलर्स कोव्हमध्ये उतरायला सिमेंटचा रॅम्प आहे, पण त्यावर शेवाळ असतं. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या उतरतो तसं, बडीचा हात धरून, पाय घासत उतरायचं.

इथे केल्पचं, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणाऱ्या उंच समुद्री शेवाळाचं, जंगल दाट आहे. आत शिरलं की देवराईत शिरल्यासारखं वाटतं. धोका वर असतो: पृष्ठभागावर केल्पचा गालिचा पसरतो आणि हवा संपवून त्यात वर आलात तर परतीची वाट खरंच कठीण होते. केल्पमध्ये अडकलात तर ओढू नका, गोल फिरू नका. देठ दुमडला की काडीसारखा मोडतो. मी इथे एक तृतीयांश हवा संपली की मागे वळते, म्हणजे परत येताना केल्पच्या खालूनच किनारा गाठता येतो. ज्याला हवेचा असा हिशेब अजून जमत नाही, त्याने थांबावं.

मोनॅस्टरीबद्दल जास्त लिहायला हवं, कारण महामार्गाला लागून असल्याने ती सोपी वाटते. गाडी लावा, समोर पाणी. स्थानिक डायव्हर तिला 'मॉर्च्युअरी बीच' म्हणतात आणि त्यामागे खरे मृत्यू आहेत. काठाने फिरणारी, पाण्यात पाय बुडवायला गेलेली माणसंही इथून ओढली गेली आहेत. कार्मेल कॅन्यन ही समुद्राखालची दरी इथे किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. लाटेला आधी फोडायला उथळ तळ नाही, म्हणून ती थेट काठावर आदळते. वाळू नाहीच, वाटाण्याएवढे खडे. पायाखालून गडगडत निघून जातात. दोन पावलांत पाणी डोक्यावर. २५-३० किलोचं साहित्य घेऊन पडलात की उभं राहता येत नाही, आणि परतणारं पाणी पुढच्या लाटेखाली नेतं.

म्हणून इथे बाहेर येताना उभं राहायचंच नाही. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टँकमधली हवा देणारा तुकडा) तोंडात, हातापायांवर रांगत पार सुक्यापर्यंत यायचं. मी पहिल्यांदा तशी आले तेव्हा ग्लोव्हजमध्ये, हुडात, बीसीडीच्या खिशात खडेच खडे होते, आणि रेग्युलेटर तोंडात ठेवला म्हणूनच डोक्यावरून गेलेल्या दोन लाटांत श्वास घेता आला. उतरायचं तर उत्तर किंवा दक्षिण टोकाला, जिथे केल्प लाटेचा जोर थोडा कमी करतं. मध्यावर कधीच नाही. दरीच्या कडेवर गेलात तर खाली तळ नाही, आणि बटण न सापडण्याचा माझा प्रसंग तिथे जिवावर बेतला असता.

शार्कचं सगळेच विचारतात. ग्रेट व्हाइट या पाण्यात आहेत. २०२२ च्या जूनमध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या लव्हर्स पॉइंटजवळ एका पोहणाऱ्यावर हल्ला झाला होता. पण निर्णय घेताना मी शार्कला लाट, हृदय आणि हवा यांच्यानंतर ठेवते.

अंदाज बघताना लाटेची उंची एकटी बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. ४ फुटांची ८ सेकंदांची लाट आणि ४ फुटांचीच १७ सेकंदांची लाट यांत फार अंतर आहे. दुसरी लांबून ताकद घेऊन येते आणि मोनॅस्टरीसारख्या उतारावर उंच उभी राहते. मोठ्या लाटा टोळीने येतात, मधली दहा-पंधरा मिनिटं शांतता फसवी असते. म्हणून सूट चढवण्याआधी काठावर निदान वीस मिनिटं बसून बघायचं.

तेव्हा माझं उत्तर असं: या वर्षी ब्रेकवॉटर, भाड्याने ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा सूट) घेणार असाल तर तोही आधी तिथेच. सुमारे १५ थंड डायव्ह झाल्या, वजन बेतशीर झालं, हवेचा हिशेब जमला की शरद ऋतूत पॉइंट लोबोसचं आरक्षण करा. मोनॅस्टरीला ती जागा ओळखणाऱ्या, तिथे अनेकदा उतरलेल्या माणसाबरोबरच, समुद्र सपाट असेल त्या दिवशी. मी मागच्या चार वेळा तिथे गेले, त्यांतल्या तीनदा वीस मिनिटं बसून, टँक गाडीत तशीच ठेवून ब्रेकवॉटरला गेले.