एंटेरिक कोटिंगवाल्या फिश ऑइल कॅप्सूल : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

एंटेरिक कोटिंग म्हणजे जठरात न विरघळता आतड्यात सुटणारं आवरण. त्याने माशाच्या वासाचे ढेकर जवळपास थांबतात. जादा पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच. फिश ऑइल जठरातल्या आम्लाने निकामी होत नाही, त्यामुळे ‘आम्लापासून संरक्षण’ या जाहिरातीला इथे फारसा अर्थ नाही. ती गरज खरी पॅनक्रियाटिनला, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसांच्या औषधाला. त्यातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारा घटक, पीएच ४ च्या खाली टिकत नाही (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र).

साध्या कॅप्सूलचं जिलेटिन जठरात काही मिनिटांत विरघळतं, तेल अन्नावर तरंगतं आणि ढेकरेबरोबर वास वर येतो. कोटिंगचं पॉलिमर जठराच्या तीव्र आम्लात, म्हणजे पीएच १ ते ३ मध्ये, विरघळत नाही. लहान आतड्यात पीएच साधारण ५.५ च्या वर गेला की ते सुटतं. म्हणूनच कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन लगेच कॅप्सूल घेऊ नये. दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास. जठरातलं आम्ल तेवढ्यापुरतं सौम्य होतं, कोटिंग तिथेच मऊ पडतं आणि ढेकर परत सुरू. अँटासिडचंही तेच.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणात कॅप्सूल तासन्‌तास जठरातच राहते, कारण अन्न असेपर्यंत जठराचं दार बारीक कणच पुढे सोडतं. त्याने बिघडत नाही. उलट जेवणातल्या स्निग्धांशामुळे तेल चांगलं शोषलं जातं. पहिल्या घासांबरोबर, साध्या पाण्याने, अख्खी गिळावी. चावली की कोटिंग संपलं.

घरी तपासायचं तर कॅप्सूल व्हिनेगरमध्ये बुडवून वाटी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात २ तास ठेवा. तेल सुटलं तर कोटिंग कच्चं. न सुटलं म्हणून मात्र खात्री धरू नका. प्रयोगशाळेत यासाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, ते व्हिनेगरपेक्षा जास्त तीव्र असतं.

सगळ्यात मोठा तोटा असा, की ढेकर नाही म्हणून तेल खवट झालेलं कळतच नाही. नवी बाटली उघडली की एक कॅप्सूल कापून वास घ्याच. उग्र, जुन्या रंगासारखा वास आला तर अख्खी बाटली टाकून द्या.

जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात बाटलीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि ओढून सोडवताना कोटिंग सोलतं. त्या दिवसांत स्ट्रिपचं पॅकिंग घ्यावं.

लोहाच्या गोळ्या मात्र कोटिंगवाल्या घेऊ नका. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. कोटिंग सुटेपर्यंत गोळी ती जागा ओलांडून गेलेली असते.