बशीतल्या पेशी दाखवून मला फसवलं

आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली तेव्हा मी पार घाबरून गेले होते. त्याच दिवसांत एका विक्रेत्याने मला दोन फोटो दाखवले. एकात आक्रसलेल्या, तुटक चेतापेशी, दुसऱ्यात टपोऱ्या, लांब फांद्या फुटलेल्या. 'वनस्पतींचा अर्क, मेंदूच्या पेशी ऑक्सिडेशनपासून वाचवतो. आधी हे सुरू करा, तपासण्यांचं नंतर बघू,' असं तो म्हणाला. मी सहा महिन्यांच्या कॅप्सूल मागवल्या आणि आईची डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली. ते मला अजून सलतं.

फोटो खोटे नसावेत, म्हणून तर मी फसले. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, म्हणजे ऑक्सिडेशनने पेशींना इजा करणारं रसायन, आणि सोबत अर्क असला की कधी कधी जास्त पेशी जगतात. पण तिथे अर्क थेट पेशीवर पडतो. गिळलेल्या अर्काचं आतड्यात आणि यकृतात रूप बदलतं, रक्तात थोडाच पोचतो, आणि मेंदूभोवतीचा अडसर ओलांडणारा त्याहून थोडा. हळदीतल्या कर्क्युमिनचं हेच होतं. गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची तर माणसांवर नीट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ७५ वर्षांच्या पुढच्या ३,०००हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज २४० मिलिग्रॅम गिंको आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी सुमारे ६ वर्षं दिली. २००८ मध्ये निकाल आला, गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही. याबद्दल विक्रेत्याने चकार शब्द काढला नव्हता.

पाचव्या आठवड्यात आईच्या हातांवर जांभळे डाग उठले. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. डॉक्टरांनी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. गिंको, आणि पुढे नुसतं 'खास मिश्रण', कशाचं प्रमाण किती याचा पत्ता नाही. गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो म्हणून त्यांनी कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या. रक्त तपासलं तर बी १२ अगदी कमी. विसरण्याचं हे एक कारण असू शकतं, आणि त्यावर साधी इंजेक्शनं आहेत. ती पाच आठवडे आधीच सुरू झाली असती.

तुम्हाला कुणी असे फोटो दाखवले तर विचारा, हे बशीतलं की माणसातलं? माणसातलं असेल तर किती जणांत, किती मिलिग्रॅम देऊन? आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरातल्या कुणालाही एक कॅप्सूल देऊ नका.

मी त्याला नंतर हेच विचारलं. उत्तर म्हणून त्याने पुन्हा तेच दोन फोटो पाठवले.