बडोद्यातलं वेशभूषेचं दुकान: माल चांगला, चिठ्ठ्या फसव्या

मांडवीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर हे भाड्याच्या पोशाखांचं दुकान आहे. गणेशोत्सवातली नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, पोरांचा फॅन्सी ड्रेस, सगळ्यांची धाव इथे. कापड धुतलेलं, शिवण पक्की, मालकांना घाई नाही. तक्रार आहे ती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची: ‘सनातनी’, ‘सुधारक’, ‘पारशी’, ‘मुसलमान’, ‘महाराजा’. चिठ्ठी वाचून डबा उचलला की भूमिका हमखास बिघडते.

फेटे मात्र निःशंक घ्या. सुती आहेत, सहा मीटरचे. टोपीवर चिकटवलेले तयार फेटेही मिळतात, पण प्रकाशझोतात त्यांचा गोंद चमकतो. सुती फेटा सैल पडतो तो बहुधा तेलकट केसांमुळे. आधी डोक्याला एक साधा रुमाल घट्ट बांधावा. शेमल्यापुरतं कापड मागे सोडायचं, पहिला वेढा कानांच्या वर आणि मागे मानेकडे उतरता घ्यायचा. हा पहिला वेढा ढिला राहिला तर पुढचे कितीही आवळा, दुसऱ्या अंकात फेटा भुवयांवर येतो. तुऱ्याच्या टोकाला खळ लावून मागा, देतात.

पगडीचं गणित वेगळं. ती ताठ असते, बांधून सैल-घट्ट करता येत नाही, म्हणून डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजून सेंटिमीटरमध्ये सांगावा. मोठी पगडी आत कागद कोंबून बसवली तर ती वर उचलली जाते आणि माणूस विनोदी दिसतो. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानातली पगडी अगदी त्या तोडीची नाही, पण तिसऱ्या रांगेपासून मागे कोणाला कळणार!

ही पगडी ‘सनातनी’ डब्यात आहे आणि ‘सुधारक’ डब्यात कोट, पाटलोण, चष्मा. आता 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरचा प्रवेश बसवायचा म्हणा. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा तो कायदा. टिळक त्याच्या विरोधात, न्यायमूर्ती रानडे बाजूने, आणि देवाधर्माचे दाखले न मानणारे आगरकरही सुधारणेच्या बाजूने. तिघांच्याही डोक्यावर पगडीच! त्यामुळे एकाच डब्यातल्या तीन पगड्या मागा; ‘सुधारक’ डब्यातला फक्त चष्मा लागला तर घ्या. फरक नटाने बोलण्यातून दाखवायचा. तो टोप्यांतून दाखवायला गेलात तर प्रेक्षक चुकीचं शिकून घरी जातील.

‘पारशी’ डबा दिसायला सर्वांत देखणा: कसांची पांढरी डगली, चकचकीत ताठ पगडी. पण पारशी असल्याची खूण म्हणजे आतला सदरा आणि कमरेची कस्ती, ती दोन्ही नाहीत, आणि बडोद्यात तीच हवीत. 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे नोकरीवर रुजू व्हायला आले आणि पारशी वसतिगृहात उतरायला गेले. तिथल्या रखवालदाराने पाहिलं ते अंगावर सदरा-कस्ती आहे का. ती दिसली नाहीत, तेव्हा त्याने तुम्ही कोण, असं दरडावून विचारलं. शेवटी वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी बाहेर काढलं. हा प्रसंग करायचा तर रखवालदाराच्या डगलीवर पैसे घालवू नका. पातळ मलमलीचा, गळ्याशी छोटा खिसा असलेला सदरा शिवून घ्या. कस्ती लोकरीची, 72 धाग्यांची असते, कमरेला तीन वेढे घेते. दुकानदार त्या जागी पायजम्याची नाडी देतात, ती घेऊ नये.

‘मुसलमान’ डब्यात लुंगी, चौकड्यांचा रुमाल आणि दाढी. शेजारच्या बाजारात सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोपीतले बोहरी व्यापारी आणि रंगीत रिदा (डोक्यासकट अंग झाकणारा पोशाख) घातलेल्या त्यांच्या बायका रोज दिसतात, डब्यात मात्र त्यांना जागा नाही. नऊवारीवर ‘हिंदू स्त्री’ लिहिलंय. वसईकडच्या ख्रिस्ती बायकांचं पारंपरिक लाल लुगडंही नऊवारीच. पातळं मात्र खरी आहेत, शिवलेली नाहीत. आठ मीटरच्या वर लांबी असते, नेसवणारी बाई आधी ठरवून ठेवा.

‘महाराजा’ डबा म्हणजे जरीचा अंगरखा आणि मोत्यांच्या माळांचा ढीग. 1911 च्या दिल्ली दरबारासाठी तो बिलकुल नको. बडोद्याचे महाराज सयाजीराव तिथे पंचम जॉर्ज बादशहापुढे दागिन्यांशिवाय, साध्या पांढऱ्या वेशात गेले होते. इंग्रजांनी त्यात बादशहाचा अपमान पाहिला आणि महाराजांना दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं. पांढरा अंगरखा घरचा चालेल, भाडं वाचेल.

दाढी-मिश्या जाळीवरच्या आहेत, त्या उत्तम. त्वचा कोरडी करून स्पिरिट गमचा पातळ थर द्या, चिकट होईपर्यंत थांबा, मग ओल्या फडक्याने दाबा. थर जाड झाला की घामाने सुटतो. लहान मुलांना हा गोंद लावू नये, इलॅस्टिकची दाढी मागावी.

अनामत रोख घेतात. डबा काउंटरवरच उघडून बटणं, हुक मोजा आणि फोटो काढा. परत करताना जाळीवर गोंद राहिला असेल तर पैसे कापतात, त्यात हुज्जत चालत नाही.