निम्मी रॅम गायब? आधी प्रोसेसर मोजा

लग्नांचे आणि जत्रांचे व्हिडिओ एडिट करायचं माझं काम डिचोलीत चालतं. मशीन म्हणजे जुनं पण दणकट वर्कस्टेशन: दोन झिऑन प्रोसेसर, प्रत्येकाच्या बाजूला रॅमच्या 8 जीबीच्या चार स्टिक, एकूण 64 जीबी. चवथीआधी धूळ काढायला म्हापशातल्या एका दुकानात दिलं, तर तिथून फोन आला, "बाब, रॅम 32च दाखवते. पावसाळी हवेनं कॉन्टॅक्ट काळे पडलेत, चार स्टिक गेल्या." गोव्यात हे कोणालाही पटतं. 16 जीबीच्या चार नव्या स्टिक बसल्या, जुन्या आठही त्यांनी बायबॅकमध्ये ठेवून घेतल्या. स्क्रीनवर 64 दिसले, बिल चुकतं केलं.

पण एक्स्पोर्टला दुप्पट वेळ लागू लागला. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे सीपीयू उघडलं, तर सॉकेट्स: 1, म्हणजे प्रोसेसर एकच. दुकानदार म्हणाला, विंडोज होम एकच प्रोसेसर चालवतं. ते खरंच आहे, फक्त माझ्याकडे प्रो आहे आणि ते दोन चालवतं.

भाच्याने दुसरा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा, त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, काढला. स्क्रू व्यवस्थित आवळलेले, फॅन फिरत होता, पण तळ लख्ख पुसलेला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात त्या थर्मल पेस्टचा डागही नाही. खाली सॉकेटमध्ये नुसत्या सोनेरी पिना!

अशा मशीनमध्ये रॅम चालवणारा भाग, मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच असतो. दुसरा प्रोसेसर काढला की त्याच्या बाजूचे स्लॉट मेले, स्टिक कितीही चांगल्या असोत. एखादी स्टिक बिघडली तर 8 जीबी कमी दिसतील. एका बाजूच्या चारही एकदम जाणं दुर्मीळच. म्हणजे प्रोसेसर हातचा गेला, धडधाकट रॅम गेली, वर नव्या रॅमचे पैसेही गेले. नव्या स्टिक पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला लावल्यामुळे आकडा मात्र जुळला.

दुकानदार आता जॉबशीट, म्हणजे मशीन घेताना लिहिलेली पावती, दाखवतो: 'सीपीयू – 1 नग'. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्याचा हा फायदा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, उत्तर यायचं आहे.

तुमचं असं मशीन दुरुस्तीला जाणार असेल तर सॉकेट्सचा आकडा दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढा आणि जॉबशीटवर 'प्रोसेसर 2, रॅम 8 स्टिक' असं लिहून सही घ्या. हीटसिंक उघडायची सवय असेल तर प्रोसेसरवर कोरलेला बॅच नंबरही टिपून ठेवा. जुन्या स्टिक तिथे सोडू नका. अशा मशीनमधली रॅम बहुधा सर्व्हरची असते, ती घरच्या साध्या पीसीत चालत नाही, त्यामुळे ती खराब आहे की नाही हे अशाच वर्कस्टेशनवर लावून कळतं.