सायलेन्सर फुटला: पुट्टी की वेल्डिंग?
आमची जुनी मारुती ८०० चोर्ला घाट चढून बेळगावात आली ती फटफटीसारखी वाजतच. दुसऱ्या दिवशी अंगणात, थंड इंजिन चालू करून, मेव्हण्याला टेलपाइपवर जाड ओला कपडा क्षणभर धरायला लावला आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. सायलेन्सरच्या मागच्या डब्याच्या शिवणीवर बुडबुडे! भोवती काजळीचा डाग होताच.

सायलेन्सरची पुट्टी, म्हणजे भोक बुजवायचा लेप, स्वस्त, घरी लावता येते. पण गंज वायर ब्रशनं नीट खरवडला नाही, तर दोन खड्ड्यांत निखळते, आणि खानापूर रस्त्याला खड्ड्यांची काय कमी? बारीक भोकापुरती ठीक.

माझं मत वेल्डिंगला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला वेल्डर शोधावा लागत नाही. फक्त आधी स्क्रूड्रायव्हरनं पत्रा टोचून बघा. आरपार गेला तर टाका धरणार नाही, डबाच बदला. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, काहीजण विसरतात.

टिकटिक असा आवाज इंजिनाजवळून येत असेल आणि गाडी तापल्यावर कमी होत असेल, तर दोन्ही उपाय बाजूला ठेवा: बहुधा मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट बंद करणारी चकती, गेलंय. ते लांबवू नका, धूर आत शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.