स्लेटच्या छपराची हत्यारं: भट्टीत घडवायची की तयार घ्यायची?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, व्हरमाँटकडे स्लेटचं, म्हणजे पातळ दगडी पाट्यांचं, छप्पर असलेलं जुनं घर घेतलंय, फुटलेल्या स्लेटी स्वतः बदलायच्यात आणि घरामागे लोहारकामाची छोटी भट्टीपण आहे, अशांसाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, हातोडा विकत घ्या, रिपर, म्हणजे स्लेटखालचे खिळे काढायची पट्टी, घडवा.

हातोडा दिसायला साधा, पण एकाच अखंड पोलादात एका बाजूला खिळे ठोकायचं तोंड, दुसऱ्या बाजूला भोक पाडायची अणी, मध्ये खिळे उपटायचा पंजा आणि दांड्याच्या कडेला स्लेट कापायची धार, हे सगळं हाताने काढायचं म्हणजे कितीदा तापवावं लागतं याचा हिशोब नाही, आणि दर वेळी वरच्या थरातला कार्बन, ज्याने पोलाद कडक होतं, थोडा थोडा जळतो. त्यात अणी कडक हवी, दांडा चिवट हवा, म्हणजे एकाच हत्याराला दोन तऱ्हेचं पाणी द्यायचं (तापवून, बुडवून कडकपणा आणायचा). स्लेटला भोक मागून पाडतात, म्हणजे पुढच्या बाजूचा टवका उडून खिळ्याच्या डोक्याला आपोआप खळगा मिळतो. अणी बोथट झाली की टवक्याऐवजी अख्खी स्लेटच तडकते. म्हणून इथे डायमध्ये ठोकून काढलेला ड्रॉप फोर्ज हातोडाच बरा. फिलाडेल्फियाची जॉन स्टोर्ट्झ अँड सन 1853 पासूनची आहे, त्यांचा बघा. जर्मन हातोडे डाव्या-उजव्या हाताचे वेगळे येतात, डावखुऱ्यांनी तेवढं विचारून घ्या.

रिपरचं तसं नाही. दोनेक फुटांची पातळ पट्टी, टोकाला आकडे, मागे वाकवलेली मूठ. फुटक्या स्लेटखाली सरकवायचा, आकडा खिळ्यात अडकवायचा आणि मुठीवर हातोडा मारून खिळा तोडायचा किंवा ओढून काढायचा. मी पहिला साध्या माइल्ड स्टीलचा, म्हणजे कमी कार्बनच्या मऊ पोलादाचा केला, तिसऱ्या-चौथ्या खिळ्यालाच आकडा उघडला. मग ट्रकच्या कमानपाट्याचा केला, त्यात कार्बन साधारण 0.6 टक्के असतो. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून तेलात बुडवायचा, पाण्यात नको, तडा जाईल. नंतर घासून चकचकीत करायचा आणि निळा रंग येईपर्यंत, म्हणजे 300 अंश सेल्सियसच्या आसपास, परत तापवायचा. हा टप्पा सोडला तर पट्टी काचेसारखी मोडते. नीट जमलं तर वाकते आणि सरळ होते, आणि मुठीचा बाक आपल्या हाताच्या मापाचा ठेवता येतो, तयार मालात हे मिळत नाही.

स्लेट टेकवून कापायची लोखंडी पट्टी तर घरीच करा, त्यात अवघड काही नाही.

पाटा मात्र जुना असेल तर आधी नीट साफ करून बारीक तडे बघा, वर्षानुवर्षं ओझं वाहिलेलं पोलाद असतं ते, आतून थकलेलं असू शकतं आणि छपरावर एका हाताने शिडी धरलेली असताना रिपर तुटणं फार वाईट.