क्यूजीआयएसवर आपत्ती नियोजन: आठ महिन्यांनंतर तक्रार भुयारी मार्गांचीच

आमच्या स्मार्ट सिटी कक्षात आपत्ती नियोजनासाठी क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची आणि तपासण्याची संगणक प्रणाली वापरायला घेतली, त्याला आठ महिने झाले. परवाना शुल्क शून्य, हे निवडीचे पहिले आणि खरे सांगायचे तर एकमेव कारण होते. २००२ पासून वाढत आलेल्या या मुक्त प्रणालीची वैशिष्ट्ये सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती येथे उगाळत नाही. लिहिण्याचे निमित्त पहिल्या मोठ्या पावसाचे आहे. आम्ही आखलेला स्थलांतराचा सर्वांत जवळचा रस्ता ज्या भुयारी मार्गातून जात होता, तो कमरेइतक्या पाण्याखाली गेला आणि आमच्या नकाशावर तोच भाग निर्धोक हिरव्या रंगात होता.

सुरुवातीला सगळा राग मी ‘फिल सिंक्स’ या पायरीवर काढला. पाण्याचा प्रवाह कोठेही खंडित होऊ नये म्हणून उंचीच्या माहितीतील खोलगट जागा आधी भरून घ्याव्यात, असे बहुतेक प्रशिक्षणांत शिकवले जाते. डोंगरउतारावरच्या पाणलोटासाठी ते ठीकच आहे. शहरात मात्र पाणी नेमके अशाच जागांत साचते, आणि त्या स्वतःच्या हातांनी बुजवून मग आपण पूर कोठे येईल ते शोधू लागतो.

तीन महिन्यांनी हे मत बदलावे लागले, कारण न भरलेली मूळ माहिती उघडली तेव्हा भुयारी मार्ग तिच्यातही नव्हता. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाची मोफत जागतिक उंची-माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत येते, म्हणजे सुमारे ९०० चौरस मीटरला एकच आकडा, आणि तोही रडारला दिसलेल्या पृष्ठभागाचा, ज्यात छपरे आणि झाडांचे शेंडेही मिसळलेले असतात. दहा मीटर रुंदीचा उतार त्यात कोठून सापडणार? उलट रुळांचा भराव भिंतीसारखा उभा राहतो, त्याखालची मोरी दिसत नाही आणि पाणी उगाच अलीकडे तुंबलेले दाखवले जाते. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त नकाशात भुयारी रस्त्याला ‘लेयर’ उणे १ असे लिहिलेले असते खरे, पण त्यातून कोण कोणाच्या खाली आहे एवढेच कळते. किती मीटर खाली, ते नाही.

अधिक बारीक उंचीचा थर विकणाऱ्या एका पुरवठादाराकडून नमुना मागवला, तर त्यात उड्डाणपूल तसेच ठेवलेले होते. विचारणा केल्यावर ‘इमारती काढून देतो, पूल काढण्याचे शुल्क वेगळे’ असे उत्तर आले. तेथेच व्यवहार थांबवला.

शेवटी चौदाही भुयारी मार्गांची खोली आम्ही फितीने मोजली आणि क्यूफील्ड या क्यूजीआयएसला जोडलेल्या मोबाइल अ‍ॅपवर नोंदवली. दोन माणसांना चार दिवस लागले. त्यानंतर रस्त्यांच्या जाळ्यावर सर्वांत जवळचा मार्ग शोधणारी गणना दोनदा चालवली, एकदा सगळे रस्ते धरून आणि एकदा हे चौदा तुकडे वगळून. दुसऱ्या वेळी तीन वस्त्यांचे जवळचे निवारा केंद्रच बदलले. नियंत्रण कक्षातील पडद्यावर हलणाऱ्या संवेदकांच्या ठिपक्यांपेक्षा मला हे काम अधिक मोलाचे वाटते.

अनपेक्षित आनंद दिला तो क्यूजीआयएसमधल्या ‘अ‍ॅटलास’ या सोयीने. प्रत्येक प्रभागाचा छापील नकाशा त्यातून एका दमात निघतो, आणि वीज गेल्यावर हातात राहतो तो कागदच.

आता एका भुयारी मार्गाचा रस्ता नव्याने केला असल्यामुळे त्याची खोली पुन्हा मोजायची आहे, आणि फीत कोणाकडे आहे ते कोणीच सांगत नाही.